बारा थरांची बंडी

“माझ्या पाठीखालचा कापूस गेला त्या संतरामच्या छातीवर, आन् माझ्या पाठीला काय, तर ढेकळं!” सासूबाई, म्हणजे आत्याबाई, भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, पण अगदी जिवनबाईच्या कानापाशी — आणि तेवढ्यात दाभण सातव्या थरात अडकलं.

पोती शिवायचं दाभण, मधे जरासं वाकलेलं, नेढ्यापाशी घासून पांढरं पडलेलं. सहा थर ते बिनतक्रार जायचं. वरचं मांजरपाट, खालचं धोतर, मग दाबून बसवलेला कापूस, पुन्हा जुनेर, पुन्हा कापूस, पुन्हा जुनेर — आणि सातवा थर आला, चिंचोक्याच्या खळीत बुडवून उन्हात पत्र्यासारखा कडक केलेला गोणपाट, की ते थांबायचं... दारात आलेल्या परक्या माणसासारखं, येऊ का नको करत. मग जिवनबाई बोटांभोवती पदर गुंडाळायची, दाभणाच्या बुडाला अडकित्त्याची मूठ लावायची आणि सगळा जीव एकवटून ढकलायची. इथे दाभण थांबतं, एवढं तर खरं, तिने मनात म्हटलं. दाभण थांबतं म्हणजे... पुढचं वाक्य तिने केलं नाही. गेला दीड महिना ती हे वाक्य इथवरच करत आली होती.

ही सहावी बंडी, गोळी अडवायला शिवलेली. पहिली तिच्या नवऱ्याची, उत्तमरावांची. मधल्या चार ज्यांच्या त्यांना गेल्या. आणि ही शेजारच्या संतरामची. हिचा नववा थर म्हणजे संतरामच्या बायकोचं हळदीचं लुगडं. शकू ते काल सकाळी स्वतःच घेऊन आली. लग्नाला वर्ष नाही झालं, लुगड्यावरचे हळदीचे डाग अजून गेले नव्हते, आणि ते जावेत असं तिला वाटतही नसणार. “काकू, डाग छातीवर येतील असं लावा,” एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यातूनच परतली. जिवनबाईने ते लुगडं नाकाशी धरलं होतं. हळदीचा वास, आणि त्याच्याखाली पेटीतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. तिला वाटलं होतं, हाक मारावी. शकू, हे घेऊन जा घरी, नेस हे, अजून नेसायचे दिवस आहेत तुझे... पण हाक मारायची तर पुढचंही सांगायला हवं. लुगडं कात्रीखाली गेलं.

दिवस मावळायच्या आत ही पुरी व्हायला हवी होती. शेजारच्या गावच्या चावडीत रझाकारांनी ठाणं घातलं होतं आणि तिथे परवापासून गावातला ग्यानबा सुतार कोंडलेला होता — नाल्यापलीकडच्या लढणाऱ्या माणसांना भाकरी नेऊन देतो म्हणून. नेऊन द्यायचाच तो. नाल्यापलीकडे वऱ्हाड, म्हणजे गेल्या पावसाळ्यात स्वतंत्र झालेला मुलूख; नाल्याअलीकडे अजून निजामाचं राज्य; आणि नाला एका ढांगेचा. म्हशी दिवसातून चारदा स्वतंत्र होऊन परत येत. माणसांना मात्र ती ढांग महाग पडत होती. ग्यानबाला मारतायत, असं काल वाटसरू सांगून गेला. हात मोडलाय म्हणाला. सुताराचा हात... आज तिन्हीसांजेला, ठाण्यातली माणसं जेवायला बसली की, त्याला काढून आणायचं ठरलं होतं. गावातली अकरा माणसं. अकरांत तीन बंदुका, बाकी कुऱ्हाडी आणि काठ्या. सहा बंड्या. बंडीवाले पुढे, बाकीचे मागे, आणि बंडीवाल्यांच्याही पुढे उत्तमराव. कारण त्यांची बंडी पारखलेली.

पारखलेली. हा शब्द सगळ्या गावाने कसा गूळ चघळावा तसा चघळला होता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नाल्यापलीकडच्या बाभळीच्या रानात फुलसिंग हवालदार ह्या लोकांना शिकवायचा. पलटणीत उमर काढून तांड्यावर परतलेला माणूस, मिशा पांढऱ्या आणि पाठ अजून ओळंब्यात. पोटावर कसं सरकायचं, एकाने पळताना दुसऱ्याने निजून कशी राखण करायची, गोळी आली की आधी अंग टाकायचं आणि मग कुठून आली ते बघायचं, हे सगळं तो काठ्यांच्या बंदुका करून शिकवत होता, आणि शेतकरी माणसं ती. ढेकळांत लोळायची त्यांना सवय, पण आज्ञेवरून लोळायची लाज वाटायची. कुणीतरी काढलं, की वाशीमला जिनिंगमधे कापसाच्या गाठीवर गोळी झाडली तर ती आतच राहते. मग अंगाला गाठ बांधली तर? अंगाला गाठ बांधून माणूस चालणार कसा, म्हणून मग बंडी. आणि बंडी म्हणजे शिवण, आणि शिवण म्हणजे जिवनबाई — तिच्या वाकळा कनेरगावच्या नाक्यापर्यंत लोक वाखाणत.

पहिली बंडी कडब्याच्या पेंढीवर चढवली. जिवनबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन तिथेच उभी होती. उत्तमरावांची ठासणीची बंदूक, डुकरं राखायची, सरकारजमा करायचा हुकूम आला तेव्हा गादीत गुंडाळून लपवलेली. तीच आणली होती. वीस पावलांवरून त्यांनी बार काढला. आवाज झाला — जसं नदीवर कुणी ओलं धुणं आपटावं. धूर मात्र भरपूर. सगळे धावले. मांजरपाटाला बोट जाईल एवढं भोक, आणि गोळी आठव्या थरात, कापसात, अंड्यासारखी बसलेली. काय आरडले ते लोक! संतरामने तर पाडव्याच्या गुढीची साखरेची गाठी आणून बंडीला घातली. त्या दिवसापासून माणसं बदलली. ढेकळांत अंग टाकायला लाजणारी माणसं आता अंग टाकेनाशी झाली, ताठ चालू लागली.

फुलसिंगने गोळी दोन बोटांत धरून फिरवली. शिशाची गोळी, ठासली तेव्हा होती तशीच गोल. त्याने बंदुकीच्या तोंडाचा वास घेतला. मग सगळ्यांवरून नजर फिरवली, ती भाकऱ्यांच्या पाटीपाशी येऊन जरा थांबली, आणि गोळी त्याने खिशात टाकली. “ठीक है,” म्हणाला. “मगर लेटना मत भूलो.” त्याच्यासाठी बंडी शिवू का, असं नंतर तिने विचारलं, तर म्हणाला, “मला गरमी होते बाई.” चैत्राच्या पहिल्या दिवसांत, पहाटे अंगावर घोंगडी घेणाऱ्या माणसाला गरमी होते.

त्याला कळलं होतं. पण त्याला कळलं होतं ते अर्धं. उरलेलं अर्धं एका जिवनबाईपाशी होतं, आणि ते चुलीमागे, कुंकवाच्या करंड्याएवढ्या गाडग्यात, फडक्याने तोंड बांधून ठेवलेलं होतं. बाभळीच्या कोळशाची वस्त्रगाळ पूड.

बारा वर्षं झाली. उत्तमरावांच्या चुलत्याच्या हातात बंदूक फुटली होती. तीन बोटं गेली. ती रक्ताळलेली पाटी, ज्यात तो हात धरून त्याला घरी आणला, जिवनबाईनेच धुतली होती. आणि त्याच वर्षी हे महाशय बंदूक घेऊन आले. नळीला तारेचे वेढे असलेली. डुकरं हळद उकरतात म्हणाले. उकरेनात का! पण सांगणार कोण, आणि सांगून ऐकणार कोण. ते बंदुकीची दारू सुपात पसरून उन्हात वाळवायला ठेवायचे आणि जेवायला बसायचे. तिने वाढता वाढता उठून पहिल्यांदा त्या दारूत कोळशाची पूड कालवली. दोन मुठींना एक मूठ. काळ्यात काळं मिसळलं. देवालासुद्धा वेगळं करता आलं नसतं. त्यानंतर बंदूक कधी फुटली नाही. आणि डुक्करही कधी मेलं नाही. बार निघाला की डुकरं थोडी पळायची, बांधावर उभी राहून मागे बघायची, आणि दुसऱ्या रात्री परत यायची. “उत्तमरावांची बंदूक डुकरं वळखतात,” असं लोक चावडीवर म्हणायचे, आणि उत्तमराव त्यांच्यात बसून सगळ्यांत मोठ्याने हसायचे. नवऱ्याची दहा बोटं जपायची म्हणून मी त्याचं नाव घालवलं. पण बोटं होती. रोज भाकरी मोडताना ती मोजली तरी दहाच भरत.

आणि म्हणून बंडी पारखली गेली. बंडीने गोळी थांबवली नव्हती. गोळीला बारा वर्षांची सवय होती थांबायची.

मग तिने त्याच दिवशी का सांगितलं नाही? हे तिने स्वतःला शिवताना विचारलं, निवडताना, सारवताना विचारलं. पहिल्या दिवशी लाज वाटली — अकरा माणसांत उभं राहून कसं सांगायचं, की माझा नवरा बारा वर्षं कोळसा झाडतोय? दुसऱ्या दिवशी पुढची बंडी शिवायला आली. तिसऱ्या दिवशी त्या माणसांचे चेहरे तिने पाहिले, ठाण्यावरून जाताना आधी मान खाली घालणारे आणि आता न घालणारे... हे काढून घ्यायचं? कापूस आणि जुनेरं काढून घेता येतात, पण हे? आणि परवा ग्यानबाला धरून नेलं. आता सांगितलं तर कोण जाईल त्याला आणायला? न सांगितलं तर कोण परत येईल? खरं म्हणजे ह्यांतलं काहीच नाही. खरं म्हणजे मला भीती वाटली. भीतीला कारणं लागत नाहीत, ती नंतर शोधता येतात, भोक पडल्यावर ठिगळ शोधावं तशी.

“कोणाशी बोलून राहिलीस ग?” आत्याबाईंनी कूस बदलली.

“दाभणाशी.”

“ते काय म्हणते?”

“पुढं जात न्हाई म्हणते.”

“माझ्या गादीतला कापूस हाय तो. हट्टी असंल माझ्यावानी.” आणि आत्याबाईंना आपल्याच बोलण्याचं हसू आलं, मग गादी आठवली, मग हसू गेलं.

गादी उसवली त्या दिवशी कापूस पिंजायला समोरचा इस्माईल पिंजारी आला होता. पिंजणाची तार टण् टण् वाजत होती, ओसरीभर धुकं झालं होतं, आणि जिवनबाई सांगत होती, दाबून, अजून दाबून, अगदी कडक थर हवा.

“इत्ती सख्त गादी, भाभी? इसपे सोना कौन है?”

“आत्याबाईंना कडक लागते.”

“मला?” आत्याबाई माजघरातून ओरडल्या. “मला मऊ लागती रे इस्माईल! हिला काय ठाऊक!”

इस्माईलने तार थांबवली. गादी असते चौकोनी, हे तीस वर्षं गाद्या भरणाऱ्या माणसाला सांगायला नको होतं. आणि समोर जे कापून ठेवलं होतं त्याला गळा होता आणि दोन बाह्यांची भोकं. त्याने ते पाहिलं. मग पुन्हा तार वाजायला लागली, टण् टण् टण्, आधीपेक्षा जरा जोरात, जणू कुणाला दुसरं काही ऐकू येऊ नये. रझाकारांचे लोक त्याच्याही दारात येऊन गेले होते, तू आमच्यात काहून नाहीस म्हणून. त्याने खोकला दाखवून त्यांना वाटेला लावलं होतं. तो एक शब्द कुठे बोलला असता तर हे घर आज जागेवर नसतं. तो बोलला नाही. फक्त जाताना, खांद्यावर पिंजण टाकून, उंबऱ्याबाहेर पाय ठेवता ठेवता म्हणाला, “रुई ठंड रोकती, भाभी. इत्ताच.” आणि मागे न बघता गेला.

इत्ताच. म्हणजे त्यालाही कळलं होतं. फुलसिंगला कळलं, इस्माईलला कळलं. शकूला तरी कळलं नसेल कशावरून? ज्या बाईला कापड राखील अशी खात्री आहे, ती बाई छातीवर हळदीचे डाग कशाला लावायला सांगेल?

दुपार कलली तशी संतरामची बंडी पुरी झाली. शेवटची गाठ तिने दाताने तोडली. मागच्या गोठ्यात माणसं एकेक करून जमली होती. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वैरण रचतायत. वैशाखाची उन्हं, आणि त्यात सहा जण बारा-बारा थर अंगात घालून उभे. आंबा अढीत घातल्यासारखे पिकत होते बिचारे. तिने ताकाचं मडकं नेऊन ठेवलं. फुलसिंग शेवटची उजळणी घेत होता: गव्हाणीपासून खांबापर्यंत पोटावर जायचं.

“कमर नीचे! उत्तमराव, कमर नीचे!”

“हवालदार, त्यांचं पोट टेकलंय कवाचं,” संतराम म्हणाला. “बाकीचं अंग पोचत न्हाई जमिनीला, त्याला ते काय करतील?”

सगळे हसले. उत्तमरावही हसले, तसेच, सगळ्यांत मोठ्याने. आणि खांबापाशी पोचले, आणि उभे राहिले. परवापासूनच्या प्रत्येक उजळणीत ते असेच उभे राहिले होते. बाकीचे आडवे, आणि हे मधोमध उभे, अठ्ठेचाळीस वर्षांचा पोट सुटलेला माणूस, पहिल्या बंडीत, जिच्या छातीवरच्या भोकाला तिने लाल खणाचं ठिगळ लावलं होतं. का लाल लावलं मी? हाताला आलं म्हणून. आता ते वीस पावलांवरून दिसत होतं, चाळीसवरून दिसलं असतं.

“लेटो!” फुलसिंग ओरडला. “गोळी उभ्या माणसाला शोधते!”

“बंडी हाय ना हवालदार,” उत्तमरावांनी छातीवर थाप मारली आणि हात वर केला. “पारखलेली हाय!”

हे ऐकलं आणि पडलेल्यांपैकी संतरामही उठून उभा राहिला. मग आणखी एक. फुलसिंगने जिवनबाईकडे पाहिलं. तिने ताकाकडे पाहिलं. ताकात एक माशी पडली होती; ती तिने बोटाने काढली, फार काळजीपूर्वक, जणू जगात तेवढं एकच वाचवण्यासारखं उरलं होतं.

आणि वर केलेल्या त्या हाताखाली उत्तमरावांची बंडी बगलेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवली.

काढून शिवायला वेळ नव्हता, आणि काढून शिवली तर पोटावर बसायची नाही. ते दोनदा झालं होतं. तिने त्यांना ओसरीवर, गोठ्याच्या दाराशी, उजेडाला उभं केलं. दाभणात दोरा ओवला. आत्याबाई तिथे कशा पोचल्या कुणास ठाऊक, पण भिंत धरत धरत आल्या आणि त्यांनी कडब्याची एक काडी मोडून लेकाच्या तोंडासमोर धरली.

“धर दातात. अंगावर शिवत्यात ते फक्त गेल्याला. काडी चावतोय म्हणजे जिता हाय, हे कळू दे वरच्याला. आन् टाके संपेस्तोवर बोलायचं न्हाई.”

ही त्यांच्या घरची रीत. लग्नाच्या वर्षी जिवनबाईच्या चोळीला टाका घालताना त्यांनी तिलाही काडी धरायला लावली होती, आणि ती हसली म्हणून ओरडल्या होत्या. उत्तमरावांनी मुकाट काडी दातात धरली. आत्याबाई उंबऱ्यावर टेकल्या. पहिला टाका घातला. त्यांच्या बगलेतून घामाचा, गोणपाटाचा, आणि त्यांचा स्वतःचा असा वास आला, सत्तावीस वर्षांच्या ओळखीचा. तिला एकदम वाटलं, आता सांगावं. आता त्यांना बोलता येणार नाही. काडी आहे तोवर त्यांना रागावता येणार नाही, हसता येणार नाही, काहून ग असं विचारता येणार नाही. अकरा टाके आहेत. अकरा टाक्यांत बारा वर्षं सांगून होतील.

दुसरा टाका. ऐका — असं सुरू करावं. तुमची बंदूक... तिसरा. ग्यानबाला नेलं त्याच दिवशी पलीकडून नवी दारू आली, ती त्यांनी सुपात वाळवायला ठेवली, आणि गाडग्याचं फडकं सोडून, मुठीत पूड घेऊन ती सुपासमोर किती वेळ उभी होती! माणूस ठाण्यावर जाणार आणि हातात कोळसा? पण नळीला तारेचे वेढे... शेवटी तिने मूठ परत गाडग्यात उघडली. बारा वर्षांत पहिल्यांदा. चौथा टाका. म्हणजे आता ती बंदूक फुटू शकते, आणि बंडी राखू शकत नाही, आणि हा माणूस उभा राहणार, पारखलेली आहे म्हणून उभा राहणार, आणि त्याचं बघून ती पोरं उभी राहणार. पाचवा. ऐका, मी काय म्हणते... ओठ हलले. हाताने नुसता दोरा ओढला. सहाव्या टाक्याला दाभण कडक थराशी येऊन थांबलं. तिने अडकित्त्याची मूठ लावली, पण पलीकडे ह्यांची बरगडी होती आणि जोर लावायचा धीर होईना.

उत्तमरावांनी हात खाली आणला आणि दातातली काडी काढली.

“अरे अरे!” आत्याबाई उंबऱ्यावरून. “टाका अर्धा हाय!”

“ह्या बारीला कोळसा न्हाई घातलास,” ते तिला म्हणाले, इतक्या हळू की मागे बसलेल्या आईलाही ऐकू जाऊ नये. “काल बंदूक झाडून बघितली पलीकडं. खांदा निळा झाला.”

तिला वर बघवेना. तिची नजर ठिगळावरच राहिली. “तुमाला...”

“पयल्याच साली कळलं व्हतं. जीभ लावून बघितली म्या दारूला.” ते थांबले. “डुकरं मारायची मला तरी कुठं हौस व्हती.”

बारा वर्षं. चावडीवरचं ते हसू, सगळ्यांत मोठं... ते तिच्यापुढे उलगडायला लागलं तसं ते वेगळंच दिसू लागलं, आतल्या बाजूने बघितलेल्या शिवणीसारखं, जिथे गाठी असतात. दरवेळी सुपात दारू पसरून हा माणूस मुद्दाम जेवायला बसत होता. पाठ करून. सावकाश. मला वेळ मिळावा म्हणून.

“मंग उभे काहून ऱ्हाता?” तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “ठाऊक हाय तर उभे काहून?”

“म्या उभा ऱ्हायलो तर हे येतील असं वाटलं व्हतं. ग्यानबासाठी. हे येतील, पर पडून. म्हनलं, उभं ऱ्हायाला एक जण पुरंल.” त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. संतराम आपल्या नव्या बंडीत ताठ उभा होता, ताकाचा गडवा हातात, आणि दुसऱ्या हाताने छाती ठोकून कुणाला तरी दाखवत होता. “हे असं उठतील हे न्हाई आलं ध्यानात.”

फुलसिंग खांबाला टेकला होता. त्याने काही ऐकलं असेल नसेल, पण त्याचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

उत्तमराव वळले. दाभण बंडीतच होतं, दोरा तिच्या हातात. ते वळले तसा तो ताणला गेला आणि तिलाही एक पाऊल पुढे, गोठ्याच्या दारात यावं लागलं. ती त्यांच्या मागे, त्यांना बांधलेली, उभी राहिली.

“ऐका रे,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी आवाज मोठा होता. “ही बंडी गोळी थांबवत न्हाई.”

संतरामचा हात छातीवर होता तो तसाच राहिला, नवव्या थरावर. कुठेतरी एका बैलाने शेपटी मारली. दीड महिना जी भीती एकट्या तिची होती, कुंकवाच्या करंड्याएवढ्या गाडग्यात मावणारी, ती आता गोठाभर झाली होती, प्रत्येकाला आपापली. ते बसतील का उठतील, जातील का न जातील, आणि ग्यानबाचा हात... तिला काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त एवढं कळत होतं, की इतक्या सगळ्यांत आपल्याला हलकं वाटतंय, आणि त्याची शरम वाटतेय, आणि तरीही हलकं वाटतंय. आणि हातातल्या ताणलेल्या दोऱ्यातून त्यांचा श्वास येतोय, जातोय, आणि टाका अजून अर्धाच आहे.